पेटीतले कपडे

लासुर्णे, ता. इंदापूर
२२ जून १९९४

चि. समाधान यास आई व आबांचे आशीर्वाद. येशू-मरिया-योसेफ तुझे रक्षण करोत.

तुझी पेटी काल पोचली. पुण्याहून बारामतीपर्यंत एसटी, तिथं जयवंतामावशीनं उतरवून घेऊन इकडच्या गाडीत चढवली. भाडं सगळं मिळून बावीस रुपये, हमाली पाच. फाट्यावरून घरापर्यंत गेणबाची बैलगाडी, त्यानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. आत निघालं ते असं: निळी पॅन्ट एक, करडी पॅन्ट एक, शर्ट तीन (मी कॉलर उलटून शिवलेला पांढरा त्यात आला), पट्टा, बूट, मनगटी घड्याळ, टॉवेल एक. हा टॉवेल आपला नाही, कुणाचा असेल त्याला विचारून कळव. आणि आपल्या घरचा फोटो.

फोटो बघून आबा म्हणाले, "ह्यो पण माघारी धाडला व्हय?" मी सांगितलं, नोव्हिशिएटात, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या उमेदवारीच्या वर्षात, स्वतःचं असं काही ठेवायचं नसतं. मोहनराव मास्तरांनी मला सगळं समजावलं आहे. वर्षभर घरी यायचं नाही, आपले कपडे घालायचे नाहीत, प्रार्थना आणि काम करायचं, आणि वर्षानंतर मन पक्कं असलं तर पहिली व्रतं घ्यायची. मास्तरही तरुणपणी फादर व्हायला गेले होते, दोन वर्षं राहून आले, म्हणून त्यांना तिथली माहिती आहे. तेव्हा फोटो परत आला तर नियमाप्रमाणेच आला. आमचं काही म्हणणं नाही.

कपडे धुऊन, डांबरगोळ्या घालून पेटीतच ठेवले. घड्याळाला रोज चावी देते. बंद ठेवलं की बिघडतं.

इथं सर्व मजेत आहेत. तुझी आम्हाला काळजी नाही, तू देवाच्या घरी आहेस. घराची आठवण काढू नकोस. आदरणीय नोव्हिस मास्टर फादरांना आमचा नमस्कार. अक्षर बारीक आहे त्याबद्दल क्षमा असावी, कागद वाचवला आहे.

तुझी आई
रतन

*

पुणे
१७ जुलै १९९४

ती. आई आणि आबा यांना समाधानचा नमस्कार. वस्तीवरच्या सर्वांना जय येशू. मोहनराव मास्तर हे पत्र जपमाळेनंतर सगळ्यांना वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, म्हणून मास्तरांना वेगळा नमस्कार.

आमचा दिवस पहाटे घंटेनं सुरू होतो. चॅपेलमध्ये चिंतन, मग मिस्सा. नाश्ता होईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. सुरुवातीला हे मौन फार जड गेलं. आता वाटतं, सकाळी सकाळी बोलण्यासारखं माणसाजवळ असतं तरी काय! आम्ही चौदा जण आहोत. वसईचे, गोव्याचे, केरळचे, मंगळूरचे, एक रांचीकडचा. प्रार्थना इंग्रजीत होते आणि भांडण हिंदीत.

मला गोठा दिला आहे. जोडीदार म्हणून तो रांचीकडचा अमृत तिर्की. त्यानं जन्मात धार काढली नव्हती. पहिल्याच दिवशी गायीनं लाथ मारून बादली उडवली, तीही मौनाच्या वेळेत. बिचाऱ्याला ओरडताही येईना. दुधानं भिजलेला तसाच हात जोडून उभा राहिला, जणू गाय म्हणजे बिशपस्वामी.

टॉवेल त्याचाच. त्याचं घर दोन दिवसांच्या प्रवासावर, पेटी कुठं पाठवणार? म्हणून त्याचे सगळे कपडे शेजारच्या वृद्धाश्रमात देऊन टाकले. टॉवेल तेवढा चुकून माझ्या पेटीत आला. तो म्हणतो, राहू दे, निदान माझं काहीतरी कुणाच्या तरी घरी गेलं.

शेंगदाण्याचे लाडू मिळाले. घरून आलेलं काहीही इथं मधल्या टेबलावर ठेवायचं आणि सर्वांनी घ्यायचं असा नियम आहे. माझ्या वाट्याला एक आला. पण तुझं नाव चौदा तोंडांनी घेतलं.

मी आनंदात आहे.

आपला
समाधान

*

लासुर्णे
१२ सप्टेंबर १९९४

चि. जयवंतास रतनआक्काचा आशीर्वाद.

तू पाठवलेली चहापूड मिळाली. दुकानाच्या भावापेक्षा स्वस्त पडली, पण पुढच्या वेळी पाव किलोच पाठव, वास उडतो.

आठ तारखेला मरियामातेचा सण झाला. बारामतीचे फादर आले, मिस्सा झाली, भजन झालं. ढोलकीला आता रविंद्र बसतो. आपल्या समाधानच्या जागेवर. लोक म्हणतात, चांगली वाजवतो. खरंच चांगली वाजवतो गं, ठेका कुठं चुकत नाही, हेच मला सोसलं नाही. आपला समाधान तिसऱ्या कडव्याला हमखास घाई करायचा आणि सगळ्या बायका त्याच्या मागं पळायच्या. यंदा सगळं कसं सावकाश, शिस्तीत. मी पदर तोंडाला लावून उठले, म्हटलं चुलीवर दूध आहे.

समाधानला यातलं काही लिहीत नाही. तिकडं पत्र आधी मास्टर फादर फोडून वाचतात. मोहनराव मास्तरांच्या वेळी तसंच होतं, त्यांच्या आईनं एकदा "बाळा, करमत नाही" असं लिहिलं, तर फादरांनी मास्तरांना बोलावून विचारलं, घरी जायचं का? आईचं मन कच्चं म्हणून पोराच्या नावावर शेरा नको. तेव्हा मी फादरांना वाचायला बरं वाटेल असंच लिहिते. सगळे मजेत.

देवाला स्वतःच्या हातानं दिलं आहे. वेदीपुढं उभं राहून हो म्हटलं. आता आठवण येते म्हणायचं कुणाला? तुला म्हटलं. हे पत्र जाळून टाक.

तुझी आक्का

*

बारामती
२० सप्टेंबर ९४

आक्का, साष्टांग नमस्कार.

पत्र जाळलं न्हाय. चुलीत घालाय गेले तर मालक म्हनले, आधी वाचून दावा. वाचल्यावर तेच डोळं पुसाय लागले, आता बोल.

तुझ्या मोहनराव मास्तरांचं एक ऐकू नकोस. त्यांनी सेमिनरी सोडली तवा मी परकरात होते. तवाचं पोस्ट वेगळं, तवाचे फादर वेगळे. आणि वाचना का फादर! आईला पोराची आठवण येती हे वाचून कुणाला नवल वाटंल? त्यांना काय आई न्हवती का?

तू दरवेळी लिवती सगळे मजेत, सगळे मजेत. अगं, पोरगं म्हनंल आपुन गेलो ते बरंच झालं ह्यांना. सरळ लिव, "समाध्या, तुझ्याबिगर भजनाला मजा न्हाय." त्यानं देव रागावतोय व्हय?

तब्येतीला जप. चहा पाव किलोच पाठवीन, पर वास उडतोय म्हनजे तू डबा नीट लावत न्हाईस.

जयवंता

*

पुणे
८ जानेवारी १९९५

ती. आई, आबा आणि वस्तीवरची सर्व मंडळी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

नाताळ छान झाला. गव्हाणी गोठ्याच्या शेजारी केली, त्यामुळे खरा बैल, खरी गाय आणि खरं शेण. मराठी भजन मी बसवलं. ढोलकी वाजवताना तिसऱ्या कडव्याला घाई झाली, सगळे हसले. अमृतनं त्यांच्या कुडुख भाषेतलं गाणं म्हटलं. आम्हाला अर्थ कळला नाही, तरी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. हल्ली तो फार गप्प असतो. गायी मात्र आता त्यालाच ओळखतात, माझ्या हातानं पान्हा सोडत नाहीत.

इथं एकत्र राहणं हीच मोठी शिकवण आहे, असं मास्टर फादर म्हणतात. देव मौनात भेटतो हे खरं, पण मला तो जास्त वेळा भांडी घासताना भेटला. चौदा ताटं असतात आणि साबण थोडा.

आई, तुझी पत्रं वेळेवर येतात. घरी सगळे मजेत असतात हे वाचून बरं वाटतं. ढोलकीवर आता कोण बसतं, ते तू कधी लिहिलं नाहीस. कुणीतरी बसत असेलच.

समाधान

*

लासुर्णे
३ मार्च १९९५

चि. समाधान यास आशीर्वाद.

परवा राखेचा बुधवार झाला. फादरांनी कपाळाला राख लावली. उपवासकाळात मी चहा सोडला आहे, त्यामुळे साखरेची बचत होते. आबांची कारखान्यातली पाळी बदलली, तब्येत ठीक. ढोलकीवर रविंद्र बसतो, चांगली वाजवतो. आम्ही सर्व मजेत. तू मन लावून प्रार्थना कर. आदरणीय मास्टर फादरांना नमस्कार.

तुझी आई

*

पुणे
२० मार्च १९९५

ती. आईस नमस्कार.

काल योसेफबाबांचा सण झाला. घाईत लिहितो. माझ्या पेटीतली निळी पॅन्ट, पांढरा शर्ट आणि बूट ईस्टरच्या आत मिळतील असे पाठव. कारण आत्ता विचारू नकोस. इथल्या रीतीप्रमाणे मला सांगता येत नाही. नंतर सगळं सांगेन. मास्तरांना हे पत्र वाचायला देऊ नकोस.

समाधान

*

लासुर्णे
२४ मार्च १९९५

चि. जयवंता,

सोबत त्याचं पत्र पाठवते. तूच वाच आणि सांग, मला दिसतं तेच त्यात आहे का.

झगा उतरवायचा असल्याशिवाय कपडे कशाला मागेल? तो घरी येतोय, जयवंता. व्रतं घेत नाही तो. रीतीप्रमाणे सांगता येत नाही म्हणतो, ते बरोबर आहे. मास्तर सांगतात, कुणी सोडून जायचं ठरवलं की बाकीच्यांना आधी सांगत नाहीत, निरोप नाही, काही नाही. एक दिवस सकाळी त्याची खुर्ची टेबलाशी नसते, बस्स.

पत्र आलं तेव्हा मी एकटी होते. आधी क्रूसाची खूण केली. मग काय केलं सांगू? हसले. तोंडावर हात ठेवून हसले. लगेच वाटलं, बाई, तू देवाला दिलेलं परत येतंय आणि तू हसतेस? गुडघ्यावर बसून क्षमा मागितली आणि मागता मागता लक्ष पॅन्टीकडं, की इस्त्रीला कोळसा आहे का घरात.

निळ्या पॅन्टीचा काठ उसवून ती बोटभर लांब केली. पोर वाढलं असेल. शर्टाला बटण लावलं. मधल्या खोलीला चुना दिला, आबा विचारतात आत्ता कशाला, म्हटलं ईस्टर जवळ आला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. वस्तीवर लोक काय म्हणतील ते म्हणोत. गेल्या साली हार घालून पाठवला, आता तीच तोंडं कुजबुजतील. कुजबुजू देत. मी त्याला दारातच सांगणार आहे, मान खाली घालायची नाही म्हणून.

तुझे मालक बुधवारी पुण्याला जाणार आहेत ना? तेव्हा कपडे त्यांच्याच हाती देते, एसटीनं नको. घड्याळ पण देते. ते त्यानं मागितलं नाही, पण गाडीची वेळ बघायला लागेल.

आक्का

*

बारामती
३० मार्च ९५

आक्का,

मालक काल जाऊन आले. मुलं ध्यानात होती म्हनून भेट झाली न्हाय, गेटवर एका ब्रदरजवळ पिशवी दिली. तो ब्रदर आपल्या समाध्याएवढाच, काळासावळा, हिंदी बोलनारा. पिशवी घेतली ती छातीशी धरूनच आत गेला म्हनले.

तू म्हंतीस तेच दिसतंय मला बी. कपडे मागितले म्हनजे येतोय. येऊ दे! मालकांनी एमआयडीसीत एका साहेबाच्या कानावर घातलंय, बी.ए. झालेला पोरगा हाय, दूध-दुभत्यातलं कळतं. साहेब म्हनले, मे महिन्यात आना. आणि आक्का, ऐक, रागावू नकोस. कऱ्हाटीत आपल्यातलंच एक चांगलं घर हाय, पोरगी नर्सिंगला हाय. नुसतं सांगून ठेवते. तू लगेच मास्तरांकडं पळू नकोस.

एक विचारते. घड्याळाला तू वर्षभर चावी देत बसलीस व्हय गं? मालक म्हनले, पिशवीतनं टिकटिक ऐकू येत हुती, बसमधल्या लोकांनी बघितलं.

जयवंता

*

पुणे
२५ एप्रिल १९९५
(अमृतच्या हाती)

ती. आई,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. हे घेऊन आलेला मुलगा अमृत. अंगावरचे कपडे तू ओळखशील.

आई, कपडे त्याच्यासाठी मागितले होते. त्यानं जानेवारीतच ठरवलं होतं. देवावर त्याचा राग नाही, फक्त हे आपलं नव्हे असं त्याला कळलं, आणि असं कळणं हेही नोव्हिशिएटचंच काम आहे, असं मास्टर फादरांनी त्याला प्रेमानं सांगितलं. इथल्या फादरांनी त्याला कपडे घेऊन दिले असते. पण त्याला मागायची लाज वाटली. म्हणाला, यांनी वर्षभर पोसलं आणि जाताना पॅन्ट मागू? मी म्हटलं, माझे आहेत. मास्टर फादरांना सांगून मगच तुझ्याकडून मागवले. कुणासाठी ते लिहिता येत नव्हतं, कारण तो जाईपर्यंत ते त्याचं गुपित होतं. मला सुचलंच नाही की तू काय समजशील.

पिशवी उघडली तेव्हा सुचलं. आत घड्याळ होतं, चालू. आम्ही दोघं गोठ्यात बसून ते बघत होतो. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि घड्याळातही तीच वेळ होती. अमृत म्हणाला, "तेरी माँ तो तेरी राह देख रही है." माझ्या मनात आलं, वर्षभराच्या पत्रांत मला हे एकदाही दिसलं नाही. तुझ्या पत्रांत सगळे मजेत असतात. मला वाटायचं, पाणी जसं मिटतं तसं घर माझ्यामागं मिटून गेलं. फोटो मी मुद्दाम पाठवला नव्हता, आई. तो पेटीच्या झाकणाला आतून लावलेला होता, काढायचा राहून गेला. पेटी गेल्यावर इथं सगळीकडं शोधला. मागायचा धीर झाला नाही.

मी येत नाही. एकतीस मे रोजी व्रतं घेणार आहे. मन पक्कं आहे. पण ज्या घरी माझी उणीव नाही ते सोडून देवाला दिलं, तर त्यात मी काय दिलं, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. आता छळत नाही.

अमृतचं रांचीचं तिकीट अकरा मेचं मिळालं आहे. तोपर्यंत त्याला आपल्याकडं ठेवून घे. घरी कळवायचा त्याला धीर होत नाही. आधी कुठल्यातरी घरी राहू दे त्याला.

घड्याळ त्याच्या हातात परत पाठवतो. इथं घंटा आहे. पण तू चावी देत जा.

समाधान

*

लासुर्णे
३० एप्रिल १९९५

चि. समाधान यास खूप खूप आशीर्वाद.

तू पाठवलेलं सगळं पोचलं. अमृत एक. त्याच्या अंगावर निळी पॅन्ट, पांढरा शर्ट, पायांत बूट. घड्याळ, चालू. पत्र. खर्च काही नाही, एसटीचं तिकीट त्याचं त्यानं काढलं होतं, उलट येताना केळी आणली.

कसा आला ते ऐक. मी दळण पाखडत होते. चतुराबाई फाट्यावरून ओरडतच आली, "रतन, अगं आलं बग तुझं पोर! मी शर्टावरनं वळखलं!" मी सूप टाकलं आणि पळत सुटले. बाभळीखाली पाठमोरा उभा होता. खांदे तसेच, आणि कॉलर मी उलटलेली. मी लांबूनच हाक मारली, समाधान. तो वळला.

मी तिथंच थांबले. चतुराबाई माझ्याकडं बघते, मी त्याच्याकडं बघते, आणि तो बिचारा हात जोडून म्हणतो, "माँ, मेरा तौलिया आपके पास है ना?"

समाधान, मला रडू येणार होतं ते हसूच आलं. हसता हसता मग दुसरंही आलं. त्याला म्हटलं, आहे रे बाबा, धुऊन ठेवलाय, वर्षभर कुणी वापरला नाही. चतुराबाई अजून विचारते, "मग ह्यो कोण?" मी सांगितलं, पाहुणा. समाधानचा टॉवेल घ्यायला आलाय. तिला ते पटलं नाही, पण तिनं रात्री कालवण पाठवलं.

आबांनी त्याला पहिल्या दिवशी फक्त बघितलं. दुसऱ्या दिवशी गेणबाच्या गोठ्यावर घेऊन गेले. तिथं त्यानं आधी कास धुतली, हाताला तेल लावलं, मग धार काढली. गेणबा म्हणाला, "ही तर आपल्या समाधानची पद्धत." येताना आबांनी वाटेत त्याला उसाचं कांडकं तोडून दिलं. तुला द्यायचे तसं. संध्याकाळी भजनाला रविंद्रनं त्याच्यापुढं ढोलकी सरकवली. वाजवता वाजवता तिसऱ्या कडव्याला घाई केली. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, समाधान असंच वाजवतो, मला वाटलं असंच असतं.

त्याला मी विचारलं, मास्टर फादर माझी पत्रं वाचून काय म्हणायचे? तो म्हणाला, "चिट्ठी तो बंद ही मिलती है, माँ. कोई नहीं खोलता." मोहनराव मास्तर शेजारीच बसले होते. म्हणाले, आमच्या वेळी उघडायचे. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या वेळी पावशेर-छटाक होते. ते उठून गेले, पण जाताना हसले.

म्हणजे वर्षभर मी फादरांना पत्रं लिहिली आणि फादरांनी एकही वाचलं नाही. आता हे तुला लिहिते.

आम्ही मजेत नव्हतो. आबा, तू जेवायला बसायचास त्या भिंतीकडं तोंड करून जेवतात. सणाला मी भजनातून उठून जाते आणि दूध उतू जातंय म्हणते, बायका आता विचारतात, रतन, तुझं दूध सणालाच कसं उतू जातं? तू कपडे मागितलेस तेव्हा मी खोलीला चुना दिला. जयवंतानं तुझ्यासाठी नोकरी बघितली आणि पुढचंही काही बघितलं, ते तिलाच विचार, मी सांगत नाही. तुझं पत्र वाचल्यावर तो चुना बघवेना, पण चुना वाया जाऊ नये म्हणून अमृतला त्याच खोलीत झोपवलं आहे.

घरी ये असं मी म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, आणि म्हणत नाही, दोन्ही लिहून ठेवते. तू विचारलंस की उणीव नसलेलं घर सोडून देवाला काय दिलं. तर आता तुला कळलं असेल, तू काय दिलंस आणि आम्ही काय दिलं. एकतीसला आम्ही दोघं येतो. फोटो आणते. ठेवायची परवानगी नसली तर नुसता बघ आणि परत दे.

आता कामाचं. अमृत जेवतो चांगला, झोपतो, पण आईचा विषय काढला की उठून विहिरीकडं जातो. तिला त्यानं काहीच कळवलेलं नाही. तिकडं ती बाई शेजारणींना सांगत असेल, माझा मुलगा आत्ता चॅपेलमध्ये असेल म्हणून. आणि तो इथं माझ्या अंगणात शेंगा फोडतोय. मी पत्ता मागितला तर म्हणतो, मी पोचल्यावर सांगेन. मी त्याच्याच समोर म्हटलं, तुझी गोष्ट मी फोडणार नाही, का आलास ते तूच सांग. मी फक्त एवढंच लिहीन की मुलगा बरा आहे, माझ्याकडं जेवतो, या या तारखेला गाडीत बसेल, रागावू नका. मॅट्रिकला हिंदीत मला बरे मार्क होते, तेवढं मला येईल. तो नाही म्हणाला नाही.

तो पोचायच्या आधी माझं पत्र पोचलं पाहिजे. मला शर्ट ओळखीचा आणि चेहरा परका दिसला, तेव्हा माझे पाय जागच्या जागी राहिले. तिला चेहरा ओळखीचा दिसेल आणि शर्ट परका. त्या शर्टाची कॉलर कुणी उलटली, हे तिला आधी माहीत असावं.

घड्याळाला आज सकाळी चावी दिली.

तुमच्या तिथल्या वहीत अमृतच्या घरचा पत्ता असेल. मास्टर फादरांना विचारून घे, माझं नाव सांग, ते नाही म्हणणार नाहीत. गाव, पोस्ट, जिल्हा नीट सुवाच्य लिही. वेळ थोडा आहे, तरी परत टपाली कळव.

तुझी आई
रतन